चित्रांचें पुस्तक मिटल्यानंतर

दिवेलागण झाली, म्हणजे आमच्या माजघरांत एक लहानशी शाळा भरते. तिच्यांत विद्यार्थी दोनच. एक माझ्या मातोश्री, वय शहाऐशी. दुसरा माझा नातू, वय पांच. दोघांनाही अक्षरें वाचतां येत नाहींत. मातोश्रींना दृष्टीनें सोडलें आहे, आणि नातवाची मुळाक्षरांशीं ओळख अद्याप व्हावयाची आहे. आमच्या सूनबाई दोघांच्या मध्यें बसून एखादें चित्रांचें पुस्तक मोठ्यानें वाचतात. एके दिवशीं मी दाराआड उभा राहून ऐकत होतों. एक पान वाचून झालें, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "अरे, पण चित्रांत काय काढलंय तें मला कोण सांगणार?" झालें! नातू पणजीच्या गुडघ्याला खेटून बसला आणि चित्र सांगूं लागला. दारांतली चप्पल, खिडकींतलें झाड, कोपऱ्यांतलें मांजर, कांहीं म्हणून त्यानें सोडलें नाहीं. मातोश्री मधूनच शंका काढीत, "मांजर झोपलंय कीं नुसतंच बसलंय?" कीं लगेच तो पुस्तकांत डोकें घालून खात्री करून घेई.

पस्तीस वर्षें मीं खडू झिजविला. माझें शिक्षण जेमतेम मॅट्रिकचें. त्यापुढचें जें कांहीं, तें पाठशाळेंतील संस्कृताचें. रूपें पाठ करून घेणें, शुद्धलेखन तपासणें, प्रश्नांचीं उत्तरें वहींत उतरवून घेणें, हा माझा जन्माचा व्यवसाय. परंतु एक आंधळी म्हातारी आणि एक निरक्षर पोर यांनीं पुस्तक मिटण्याआधीं जें केलें, तें माझ्या वर्गांत क्वचितच घडलें असेल. त्या रात्रीं मला झोप लागली नाहीं. त्यानंतर दोन वर्षें मी जो उद्योग केला, त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सूनबाई वाचीत होत्या तें पुस्तक श्रीमती माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या संचांतील होतें. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानें तो प्रसिद्ध केला आहे. आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशा घरांतील एकेका माणसावर एकेक लहानसें पुस्तक, अशी त्याची सुटसुटीत मांडणी. लिहिणारा हात आणि चित्रें काढणारा हात एकच असल्यामुळें शब्द व चित्र यांत भांडण नाहीं. जें चित्रांत दिसतें तें पुन्हां शब्दांत सांगण्याचा सोस नाहीं, व जें शब्दांनीं सांगितलें त्याची चित्रांत केवळ नक्कल नाहीं. यशविषयींचीं त्यांचीं पुस्तकें, 'चित्रवाचन', 'वाचू आनंदे', आणि मोठ्या मुलांकरितां 'लिहावे नेटके' हीं पुस्तकें पुष्कळ घरांतून परिचित असतील. त्यांच्या बालसाहित्यसेवेबद्दल साहित्य अकादमीनें २०१४ सालीं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला.

चित्र हें मुलाचें पहिलें पाठ्यपुस्तक होय, ही कल्पना मात्र नवी नाहीं. कोमेनियस नांवाच्या शिक्षणशास्त्रज्ञानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें दीडशें चित्रांचें एक पुस्तक मुलांसाठीं छापविलें. वस्तु आधीं डोळ्यांनीं पाहावी, मग तिचें नांव शिकावें, हें त्याचें सूत्र होतें. आपल्याकडेही चित्र दाखवून कथा सांगण्याची विद्या जुनीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर मंडळी सुट्या चित्रांचा गठ्ठा हातांत घेऊन, एकामागून एक चित्र पुढें धरीत, वाद्यांच्या साथीनें रामायण-महाभारतांतील कथा सांगत आलीं आहेत. त्या गठ्ठ्याला तीं मंडळी 'पोथी'च म्हणतात. छापील मासिकांचा काळ आल्यावर वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' मासिक मुलांच्या हातीं दिलें. आणि १९७१ पासून बालभारतीचा 'किशोर' तें काम करीत आला आहे. तात्पर्य, पुस्तकांची वाण अगदींच नाहीं. वाण आहे ती पुस्तक मिटल्यानंतर काय करावें, या विचाराची.

माझी पहिली चूक

आमच्या गांवापासून दोन कोसांवर चौथीपर्यंतची एक शाळा आहे. तेथील मुख्याध्यापिका बाईंची व माझी जुनी ओळख. "गुरुजी, आठवड्यांतून दोन दिवस येत जा," असें त्या म्हणाल्या, आणि मी पुस्तकांचा तो संच पिशवींत घालून निघालों. पहिल्या दिवशीं 'आई' हें पुस्तक वाचून दाखविलें. मुलें तोंडें उघडीं टाकून ऐकत होतीं. वाचन संपतांच माझ्यांतला जुना मास्तर जागा झाला. मीं फळ्यावर पांच प्रश्न लिहिले, उत्तरें पूर्ण वाक्यांत लिहावयास सांगितलीं, आणि हातांत लाल पेन घेऊन बसलों. पांच मिनिटांत वर्गाची कळा गेली. जीं मुलें क्षणापूर्वीं गोष्टींत होतीं, तीं आतां परीक्षेंत होतीं.

त्याहून मोठा अपराध पुढें घडला. तिसरींतील एक मुलगा उठून म्हणाला, "माझी माय बी असंच करती." मीं सवयीनें म्हटलें, "माय नव्हे, आई म्हणावें." मुलगा खालीं बसला, आणि त्या दिवशीं पुन्हां बोलला नाहीं.

परततांना एस. टी. ची वाट पाहात बसलों असतां माझ्या मनांत आलें कीं, आपण कोणाला शुद्ध करावयास निघालों? 'माय' हा शब्द संस्कृत 'मातृ' शब्दाचा सरळ वंशज. प्राकृताच्या वाटेनें झिजत झिजत तो खेड्यापर्यंत आला. संस्कृताचाच अभिमान धरावयाचा, तर 'आई' या शब्दापेक्षां त्या पोराची 'माय'च मातृशब्दाच्या अधिक जवळची! जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसानें एका पोराच्या तोंडचा मातृशब्द अशुद्ध ठरविला होता. पुढच्या खेपेस मीं वर्गासमक्ष त्या मुलाला तसें सांगितलें, आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं लिहिले. मुलें हंसलीं. मग एकेक जण आपल्या घरचे शब्द सांगूं लागला: 'आजा', 'बा', 'चुलता', 'मावळण'. आठवड्याभरांत भिंतीवर लावलेला कागद भरून गेला. हाच आमचा पहिला उपक्रम ठरला. आणि तो माझ्या चुकींतून निघाला, हें येथें नमूद करणें मला अवश्य वाटतें.

उपक्रम कसा असावा

पुढील दोन वर्षांत मीं जें केलें, सोडलें व सुधारलें, त्यावरून कांहीं नियम माझ्यापुरते ठरले आहेत. पहिला नियम: पुस्तक निदान दोन वेळां केवळ आनंदासाठीं वाचावें. पहिल्या वाचनांत मूल गोष्टीमागें धांवतें, दुसऱ्यांत तें थांबून चित्र पाहतें; तोंपर्यंत त्याला कांहीं करावयास सांगूं नये. दुसरा नियम: एका पुस्तकाला एकच उपक्रम. शेपूट हत्तीहून मोठें झालें, म्हणजे हत्ती दिसेनासा होतो. तिसरा नियम: उपक्रम असा असावा कीं, तो करतां करतां मुलाला पुन्हां पुस्तक उघडावेंसें वाटलें पाहिजे. चौथा आणि सर्वांत कठीण नियम: गुण देऊं नयेत.

आतां प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळूं.

*चित्र सांगणें.* हा माझ्या मातोश्रींचा शोध. वर्गांतील एक मूल डोळे मिटून बसतें; दुसरें त्याला चित्र सांगतें. ऐकणारानें हवे तितके प्रश्न विचारावे. शेवटीं डोळे उघडून त्यानें चित्र पाहावें आणि आपल्या मनांतल्या चित्राशीं ताडून पाहावें. या खेळांत 'वर', 'खालीं', 'मागें', 'पलीकडे', 'अर्धवट', 'तिरपा' हे शब्द मुलें आपण होऊन शोधूं लागतात. कारण त्यांच्यावांचून काम अडतें. गरजेतून आलेला शब्द मुलें विसरत नाहींत. ज्यांत मजकूर नाहीं अशा पुस्तकाला हा खेळ विशेष मानवतो. मोठ्या मुलांना याच चित्रावर तीन प्रश्न विचारावे: येथें काय चाललें आहे? थोड्या वेळापूर्वीं काय झालें असेल? पुढें काय होईल? आणि प्रत्येक उत्तरामागून 'कशावरून?' हा चौथा प्रश्न जोडावा. न्यायशास्त्रांतील हेतु आणि अनुमान यांची हीच पायरी होय. फक्त तें नांव मुलांना सांगूं नये!

*खड्यांचें घर.* पुस्तकांत घरांतील माणसें येतात, म्हणून आम्ही आपापलीं घरें मांडलीं. प्रत्येक मुलानें अंगणांत रेघ ओढून घर काढावें, आणि घरांतील प्रत्येक माणसासाठीं एकेक खडा किंवा चिंचोका ठेवावा. आजोबांचा खडा केवढा, तान्ह्या बाळाचा केवढा, कोण कोणाशेजारीं, हें सारें मुलांनींच ठरवावें. मग मोजावें, शेजारच्या घराशीं तुलना करावी, दोन्ही घरें मिळून किती झालीं तें सांगावें. लेखन नको असलेल्या पहिलीच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. कैलासवासी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीला, आणि पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, खडे, बिया, पानें, शिंपले यांतूनच बालशिक्षण उभें केलें होतें. महागडें सामान नाहीं म्हणून शिक्षण अडत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें.

*एका कागदाचें पुस्तक.* मोठा कोरा कागद एकदां उभा आणि दोनदां आडवा दुमडून त्याचे आठ समान चौकोन पाडावे. कागद उलगडून आडवा अर्धा मिटावा, आणि मिटलेल्या कडेपासून मधल्या उभ्या घडीवर एकाच चौकोनाइतकी कात्री चालवावी. पुन्हां उलगडून उभा दुमडावा व दोन्ही टोकें एकमेकांकडे ढकलावीं. डिंक नाहीं, टाचणी नाहीं, आठ पानांचें पुस्तक तयार! पहिलें पान मुखपृष्ठ, शेवटचें मलपृष्ठ, आणि मधल्या सहा पानांवर घरांतील सहा माणसें. चित्राखालीं एकच वाक्य लिहावें. परंतु तें वाक्य असें असावें कीं, दुसऱ्या कोणाच्या आजीला तें लागूं पडूं नये. 'माझी आजी प्रेमळ आहे' हें वाक्य मीं परत केलें. दुसऱ्या दिवशीं त्याच मुलीनें लिहून आणलें, "माझी आजी भाकर थापतांना कोणाशीं तरी मनांतल्या मनांत भांडती." यास म्हणावें निबंध!

*चिपाडांचें नाटक.* आमच्या भागांत ज्वारीचीं चिपाडें कोणास विकत घ्यावीं लागत नाहींत. त्यांच्या गाड्या व बैल करण्यांत खेड्यांतील मुलें आमच्यासारख्या शहाण्यांना शिकवतील. त्याच चिपाडांना चिंध्या गुंडाळून पुस्तकांतील माणसें करावीं, आणि गोष्टींत जें घडलें नाहीं तें त्यांच्या तोंडून वदवावें: राधा आमच्या शाळेंत आली तर काय म्हणेल? तिचे आजोबा आणि आमचा आजा पारावर भेटले तर काय बोलतील? शहरांतील राधा आणि खेड्यांतील पोरें यांची जी भेट त्या दिवशीं झाली, तींत मी फक्त प्रेक्षक होतों.

मधलें काय काढूं?

आतां जें सांगावयाचें आहे, त्यासाठीं खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

बीड जिल्ह्यांत दसरा-दिवाळी सरली, म्हणजे गांवें रिकामीं होऊं लागतात. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें बैलगाड्यांतून व ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत कारखान्यांच्या ऊंसावर जातात, तीं पाडव्याच्या आगेंमागें परततात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. कांहीं मुलें आईबापांबरोबर फडावर जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा पडूं लागतात. कांहीं मागें आजी-आजोबांपाशीं राहतात. जेथें हंगामी वसतिगृहाची सोय चालते, तेथें त्यांच्या जेवणाची व्यवस्था गांवांतच होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. तथापि पोटाची सक्ती त्याहून जुनी आहे.

कार्तिकांतल्या एका दिवशीं एका कागदाचें पुस्तक करावयास मुलें बसलीं होतीं. 'माझी माय' हें पान सर्वांनीं काढावयाचें होतें. सकाळपासून रात्रीपर्यंत माय काय काय करते, तें. 'माय' शब्दावरून मीं ज्याला गप्प केलें होतें, तोच मुलगा कागद कोरा ठेवून बसला होता. जवळ जाऊन विचारलें, तर म्हणाला, "माझी माय दिवाळीला जाती न् पाडव्याला येती. मधलं काय काढू?"

मला उत्तर सुचलें नाहीं. खड्यांचें घर मांडतांना याच मुलानें आधीं सात खडे मांडून मग त्यांतले चार उचलून खिशांत टाकले होते, तें मला तेव्हां आठवलें. मीं त्या वेळीं त्याला "खडे कमी कां केलेस?" म्हणून हटकलें होतें. त्याचें गणित बिनचूक होतें. मलाच तें वाचतां आलें नव्हतें.

दोन दिवस विचार केला. चित्रांचें पुस्तक हें ज्या मुलाच्या घरीं सर्व माणसें आहेत, त्याला आरशासारखें आहे. ज्याच्या घरचीं माणसें सहा महिने बाहेर, त्याला तेंच पुस्तक टोंचूं शकतें. म्हणून तें पुस्तक त्याच्यापुढून काढून घ्यावें काय? मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "नको गुरुजी. पुस्तक काढून घेतलं म्हणून घर भरणार नाही. त्याच्या घराचं पुस्तक नाही, एवढीच अडचण आहे. तें आपण करूं."

वर्गाची पासोडी

उपाय मला अंबाजोगाईला सांपडला. मुकुंदराजांच्या समाधीनें पावन झालेल्या त्या नगरींत दासोपंतांची पासोडी आहे, हें वाचकांना ठाऊक असेल. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनीं पंचीकरणासारखा गहन विषय कागदावर न लिहितां सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिला, आणि अक्षरांच्या जोडीला आकृति काढल्या. शब्द व चित्र एकाच वस्त्रावर नांदविण्याचा हा उद्योग आमच्याच जिल्ह्यांत चारशें वर्षांपूर्वीं होऊन गेला, आणि आम्ही मुलांना काय करावयास द्यावें म्हणून दूरदूर शोधत होतों!

आम्हीं आमच्या वर्गाची पासोडी करावयाचें ठरविलें. घरोघरचीं जुनीं धोतरें व लुगडीं गोळा केलीं. गांवांतील एका आजीनें तीं जोडून शिवून दिलीं. गव्हाच्या पिठाची खळ शिजविली. पासोडीच्या लांबीचे कार्तिकापासून चैत्रापर्यंत सहा भाग पाडले, आणि मध्यें एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर 'गांव', खालीं 'फड'. वरच्या अंगास मागें राहिलेल्या मुलांनीं दर महिन्याला आपल्या घरांतलें व गांवांतलें काय काय घडलें, तें कागदावर काढून चिकटवावयाचें. खालचें अंग कोरें ठेवावयाचें. "तें कोण भरणार?" असें मुलांनीं विचारलें. मीं म्हटलें, "जीं माणसें तिकडे आहेत, तीं आल्यावर भरतील. तोंवर जागा राखून ठेवा."

'जागा राखून ठेवणें' या शब्दांनीं काय जादू केली, कोण जाणे. मुलें त्या कोऱ्या पट्ट्याची राखण करूं लागलीं. कोणी चुकून तेथें शाई सांडली, तर ओरडा होई. मागशीर्षांत एका मुलीच्या घरीं शेळीला दोन करडें झालीं, तिनें वर चित्र चिकटविलें व खालीं लहान अक्षरांत लिहिलें, "माय, ही बातमी तुला सांगायची राहिली." त्यानंतर वरच्या अंगाचें लेखन म्हणजे खालच्या अंगास पाठविलेलीं पत्रेंच झालीं. जीं मुलें दोन ओळी लिहावयास कुरकुरत, तीं आतां जागा पुरत नाहीं म्हणून कुरकुरूं लागलीं. लिहिण्याला वाचणारा मिळाला, म्हणजे लेखन शिकवावें लागत नाहीं. पस्तीस वर्षें लाल पेन चालविलेल्या माणसाला हें उशिरां कळलें.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. शाळेंत आलेलीं मुलें नेहमींप्रमाणें मागल्या बाकांवर बसलीं. सहा महिन्यांचा अभ्यास बुडालेला, तेव्हां त्यांना मान खालीं घालूनच बसावयाची सवय. आम्हीं पासोडी उलगडून व्हरांड्यांत पसरली आणि रेघेखालची कोरी जागा त्यांना दाखविली. प्रथम कोणी पुढें होईना. मग चौथीतील एका मुलीनें खडू उचलला आणि पाचटाची कोपी काढली. तिच्यापुढें चूल. चुलीशेजारीं वाढ्यांचा भारा. "मोळी अशी नसती बांधत," म्हणून दुसऱ्यानें तिच्या हातांतून खडू घेतला. पाहतां पाहतां पहाटेच्या अंधारांत फडांत शिरणारी माणसें, कारखान्याच्या वजनकाट्यापुढें उभ्या असलेल्या गाड्यांची रांग, गाडीखालीं बांधलेल्या झोळींतलें मूल, असें सारें तेथें आलें. मागें राहिलेलीं मुलें भोंवतीं वाकून प्रश्न विचारीत होतीं, आणि जीं 'बुडालेलीं' समजलीं गेलीं होतीं तीं उत्तरें देत होतीं. त्या दिवशीं त्या वर्गांत गैरहजर असें कोणी नव्हतें.

आणि तो मुलगा? त्याची माय एका दुपारीं शाळेच्या दारांत येऊन उभी राहिली. तिला वाचतां येत नाहीं. पोरानें हाताला धरून तिला पासोडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलें व वरचें सारें वाचून दाखविलें. मग रेघेखालच्या मोकळ्या जागेपाशीं बसवून म्हणाला, "आतां तूं सांग, मी काढतो." ती सांगत होती आणि तो काढीत होता. मी तेथून उठून बाहेर आलों. कारण तेथें माझें कांहीं काम नव्हतें. त्यानें काय काढलें तें मीं नंतर पाहिलें. कोयता घेतलेला एक हात होता, आणि खालीं एकच वाक्य होतें: "माय रोज रात्रीं आमच्या गांवाकडं तोंड करून निजायची."

आपल्या घरीं

हें सर्व वाचून, 'आमच्या घरीं तर माणसें भरलेलीं आहेत, आम्हीं काय करावें?' असा प्रश्न वाचकांना पडेल. माझें उत्तर असें कीं, भरल्या घरांतही एकमेकांना न वाचलेलीं माणसें असतात. एकत्र कुटुंबांत आजोबा वर्तमानपत्रांत, वडील कचेरींत, काका प्रवासांत आणि मूल एकटेंच पडद्यापुढें, असा देखावा मीं माझ्याच घरीं पाहिला आहे. त्याला फार खटाटोप नको. रोज अर्धा तास एक पुस्तक, एक वाचणारा, आणि चित्र विचारणारें एक वडील माणूस एवढें पुरें. महिन्यांतून एकदां घरांतील एका माणसाचें 'एका कागदाचें पुस्तक' मुलांकडून करवून घ्यावें. मुलानें त्या माणसापाशीं बसून तीन प्रश्न विचारावे: लहानपणीं कोणता खेळ खेळत होतां? कशाची भीति वाटे? कोणती वस्तु हरवली म्हणून रडलां होतां? आमच्या नातवानें पणजीचें असें पुस्तक केलें, तेव्हां माझ्या मातोश्री लहानपणीं विहिरींत पोहत असत, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर प्रथम कळली!

पुस्तकें विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते, हेंही खरें. प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ सालीं 'स्टोरीवीव्हर' नांवाचें जें भांडार खुलें केलें, त्यांत मराठी चित्रपुस्तकेंही विनामूल्य वाचावयास मिळतात. तथापि हातांत धरतां येईल असें पुस्तक तें पुस्तकच. वाढदिवसाला रबराचे फुगे आणि प्लॅस्टिकचीं खेळणीं यांवर जो खर्च होतो, त्याच्या एका अंशांत दोन पुस्तकें येतील. एक आपल्या घरीं ठेवावें, आणि दुसरें जवळच्या खेड्यांतील शाळेला द्यावें. द्यावयास मात्र स्वतः जावें, आणि तें तेथें बसून वाचून दाखवावें. कपाटांत कुलुपबंद पडलेलीं पुस्तकें मीं पुष्कळ शाळांतून पाहिलीं आहेत. देणगी दिल्यानें पुस्तक पोंचतेंच असें नाहीं.

कोणी म्हणतील, 'हे खेळ खेळत बसलें, तर अभ्यास केव्हां व्हावा?' सरकारनें २०२१ पासून 'निपुण भारत' या योजनेखालीं तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचतां आलें पाहिजे, असें ध्येय ठेवलें आहे. यांतील 'समजून' हा शब्द महत्त्वाचा. अक्षर ओळखणें ही अर्धीच वाट. उरलेली अर्धी वाट मूल आपल्या घरच्या माणसांचा, आपल्या बोलीचा, आपल्या सुखदुःखाचा हात धरून चालतें; आणि तो हात त्याच्या हातीं देणें, हेंच या सर्व उपक्रमांचें प्रयोजन.

यंदाही कार्तिकांत आम्ही नवी पासोडी पसरणार आहों. जुनी शाळेच्या पेटींत घडी घालून ठेवली आहे. तिच्यांत अजून चार बोटें जागा कोरी आहे. एक कुटुंब त्या वर्षीं परत आलें नाहीं. तें दुसरीकडेच कामाला राहिलें, असें कळतें. त्या घरची मुलगी दुसरींत होती. ती जागा भरून टाकावी, असें मीं एकदां सुचविलें, तेव्हां वर्गांतल्या मुलांनीं एका सुरांत 'नाही' म्हटलें. मुलांचेंच बरोबर आहे. ती जागा तिच्यासाठीं राखून ठेवली आहे.